गोवर कसा ओळखला गेला?

‘मुलाच्या अंगावर पुरळ आले आहे, काही दिवस शाळेत येणार नाही’ अशी चिठ्ठी शिक्षकांना नवी नाही. मुंबईच्या उपनगरांत तर ती अनेक भाषांत येते. मराठी पालक ‘गोवर’ किंवा ‘कांजिण्या’ लिहितात. घाटकोपर-मुलुंडकडचे गुजराती पालक ‘ओरी’ किंवा ‘अछबडा’ लिहितात. हिंदी बोलणाऱ्या घरांतून ‘खसरा’ हा शब्द येतो, नाहीतर नुसतेच ‘माता निकली है’ असे सांगितले जाते. तमिळ घरात ‘अम्मै’ या एका शब्दाच्या पोटात अनेक आजार असतात. चिठ्ठी वर्गशिक्षक दप्तरी ठेवतात आणि विषय तेथेच संपतो.

पण त्या मुलाला झालेला आजार खरोखर कोणता, या प्रश्नाच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून असते. गोवर असेल तर पुरळ दिसण्याआधी चार दिवसांपासूनच ते मूल वर्गातल्या इतरांना संसर्ग देत होते. रुबेला असेल तर त्याच्यापेक्षा मोठा धोका एखाद्या गरोदर शिक्षिकेच्या पोटातल्या बाळाला आहे. डेंग्यू असेल तर पुरळ दिसते तेव्हा ताप उतरलेला असतो आणि घरचे निर्धास्त होतात, पण काळजीचे दिवस नेमके तेच असतात. कातडीवरचे ठिपके मात्र तिन्ही आजारांत बऱ्याच अंशी सारखेच दिसू शकतात.

हे आजार माणसाने एकमेकांपासून वेगळे कसे काढले, याचा इतिहास हजार-बाराशे वर्षांचा आहे. त्यातून एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. नुसत्या पुरळाकडे पाहून गोवर कधीच नीट ओळखता आला नाही. पुरळाच्या आधी काय झाले, बरोबर काय होते आणि कोणत्या क्रमाने झाले, हे ज्यांनी विचारले त्यांनाच तो ओळखता आला.

ज्वर आधी, पुरळ मागून

आपल्याकडील ‘माधवनिदान’ हा रोगनिदानावरचा ग्रंथ साधारणपणे इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकातला मानला जातो. त्यात ‘मसूरिका’ या नावाखाली फोडांच्या आजारांचे वर्णन आहे. मसुराच्या डाळीसारखे फोड म्हणून मसूरिका. हे वर्णन देवीच्या रोगाशी जुळते. त्याच प्रकरणात ‘रोमान्तिका’ नावाचा एक प्रकार सांगितला आहे. केसांच्या मुळांशी उंचवटा यावा तसे बारीक, लालसर पुरळ, त्याआधी ज्वर, आणि सोबत खोकला व अन्नावरची वासना जाणे, अशी त्याची लक्षणे दिली आहेत. आजचा डॉक्टर गोवराच्या बाबतीत पहिल्यांदा हेच प्रश्न विचारतो: ताप आधी आला होता का, आणि खोकला आहे का?

यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी इराणमधील रे या गावचे आणि बगदादमध्ये काम केलेले अबू बक्र अल-राझी यांनी देवी आणि गोवर या दोन रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. दोन्ही रोग शेजारी ठेवून त्यांतील फरक त्यांनी सांगितले. पाठदुखी हे देवीचे विशेष लक्षण, तर मळमळ आणि तगमग गोवरात अधिक, असे त्यांचे निरीक्षण होते. दोन्ही रोग एकाच कारणाच्या दोन तऱ्हा आहेत असे मात्र ते समजत. कारण चुकले तरी निरीक्षण बरोबर असू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

एकातून अनेक

युरोपात पुढे कित्येक शतके लाल पुरळाचे आजार एकाच गाठोड्यात बांधलेले होते. लंडनचे वैद्य टॉमस सिडनॅम यांनी १६७० सालच्या गोवराच्या साथीचे वर्णन दिवसावार लिहून ठेवले. पहिल्या दिवशी काय, चौथ्या दिवशी काय, पुरळ कोठून सुरू होऊन कोठे पोचले, हे त्यांनी नोंदले. स्कार्लेट फीवर हा गोवराहून निराळा आजार असल्याचेही त्यांनी सांगितले.

रुबेलाची फारकत आणखी उशिरा झाली. अठराव्या शतकात जर्मन वैद्यांनी हा सौम्य आजार प्रथम वेगळा वर्णिला, म्हणून त्याला ‘जर्मन गोवर’ हे नाव चिकटले. तो स्वतंत्र आजार आहे की गोवर आणि स्कार्लेट फीवर यांची मिसळ, यावर शंभर वर्षे वाद चालला. या वादात भारताचाही एक धागा आहे. ब्रिटिश तोफखान्यातील शल्यचिकित्सक हेन्री व्हील यांनी भारतात पाहिलेल्या एका साथीचे वर्णन १८६६ साली प्रसिद्ध केले आणि जर्मन नावाऐवजी ‘रुबेला’ हे नाव सुचवले. रोगाचे नाव लिहायला आटोपशीर आणि उच्चारायला सोपे असावे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १८८१ साली लंडनमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत रुबेला हा स्वतंत्र रोग असल्याचे मान्य झाले.

अशी एकेक फारकत होत गेली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बालवयातील पुरळाच्या आजारांना चक्क क्रमांक देण्यात आले. पहिला गोवर, दुसरा स्कार्लेट फीवर, तिसरा रुबेला. इंग्लंडमधील रग्बी या शाळेचे डॉक्टर क्लेमेंट ड्यूक्स यांनी १९०० साली ‘चौथा आजार’ मांडला. तो स्वतंत्र आजार आहे हे पुढे टिकले नाही आणि आज ती जागा रिकामी आहे. पाचव्या आजारात गालावर चापट मारल्यासारखी लाली येते. त्याचा संबंध पार्व्होव्हायरस बी-१९ या विषाणूशी असल्याचे १९८३ साली दिसून आले. सहावा आजार म्हणजे तान्ह्या मुलांचा रोझिओला. त्याचा विषाणू जपानी संशोधकांनी १९८८ साली दाखवला. ज्याला एके काळी सरसकट ‘गोवर’ म्हटले जाई, त्यातून निघालेल्या शेवटच्या आजाराचे कारण कळायला विसाव्या शतकाची अखेर यावी लागली.

बेटांवरचे दिवस

रोगाचा क्रम आणि काळ यांचे महत्त्व सर्वांत ठळकपणे दाखवले ते पीटर पॅनम या तरुण डॅनिश डॉक्टराने. उत्तर अटलांटिक महासागरातील फॅरो बेटांवर १८४६ साली गोवराची मोठी साथ आली. बेटांची लोकसंख्या आठ हजारांहून थोडी कमी होती, आणि त्यांतले सुमारे सहा हजार लोक आजारी पडले. डॅनिश सरकारने पॅनम यांना तेथे पाठवले. त्या वेळी ते पंचवीस वर्षांचे होते.

बेटांवरची गावे एकमेकांपासून तुटलेली होती. परगावची होडी कोणत्या दिवशी आली, कोण कोणाला भेटले, हे लोकांच्या नेमके लक्षात असे. पॅनम यांनी गावोगाव जाऊन हे दिवस मोजले. रोग्याशी संपर्क आल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण तेरा-चौदा दिवस जातात, असे त्यांना आढळले. संसर्ग होण्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला आपण ‘अधिशयन काळ’ म्हणतो. या हिशेबामुळे गोवर दूषित हवेतून आपोआप उपजत नाही, तो माणसाकडून माणसाकडे जातो, हे स्पष्ट झाले. त्याआधीची साथ १७८१ साली आली होती. तीत गोवर होऊन गेलेले वृद्ध ६५ वर्षांनंतरही सुरक्षित राहिले. एकदा झालेला गोवर जन्मभराचे संरक्षण देतो, हा पुरावा त्यातून मिळाला.

पॅनम यांच्याजवळ सूक्ष्मदर्शकातून दाखवण्यासारखे जंतू नव्हते, रक्ताची तपासणी नव्हती. त्यांच्याजवळ वही होती आणि तारखा होत्या.

तोंडातली खूण

पुरळ येण्याआधीच गोवर ओळखता आला तर रोग्याला वेळीच वेगळे ठेवता येईल. अशी खूण न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ हेन्री कॉपलिक यांनी १८९६ साली प्रसिद्ध केली. गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, लालसर जागेवर मिठाच्या कणांसारखे निळसर पांढरे ठिपके दिसतात. पुरळाच्या एक-दोन दिवस आधी ते येतात आणि पुरळ उठल्यावर लवकरच नाहीसे होतात. ते पाहण्यासाठी चांगला दिवसाचा उजेड हवा, असे कॉपलिक यांनी बजावले होते. आजही हे ठिपके गोवराची खास खूण मानले जातात. मात्र ते फार थोडा काळ टिकतात. मूल दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेलेले असू शकतात, म्हणून ठिपके दिसले नाहीत तर गोवर नाही असे म्हणता येत नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गोवराची बहुतेक जुनी पाठ्यपुस्तकी वर्णने गोऱ्या कातडीवरची आहेत. सावळ्या मुलाच्या अंगावर गोवराचे पुरळ लालभडक न दिसता गडद, तांबूस-तपकिरी दिसते. पहिल्या दिवशी ते नजरेतून सुटूही शकते, पण हात फिरवला तर खरखरीतपणा जाणवतो. ओसरताना ते तपकिरी डाग ठेवून जाते आणि त्वचा बारीक कोंड्यासारखी सुटते. डोळे लाल होणे, नाक वाहणे आणि खोकला ही लक्षणे मात्र रंग पाहून बदलत नाहीत.

पुरळ म्हणजे शरीराचे उत्तर

अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका शाळेत गोवराची साथ आली असताना टॉमस पीबल्स यांनी मुलांचे नमुने गोळा केले, आणि १९५४ साली जॉन एंडर्स यांच्या प्रयोगशाळेत गोवराचा विषाणू वेगळा करण्यात यश आले. ज्या मुलाच्या नमुन्यात तो मिळाला त्याच्या आडनावावरून त्या वाणाला एडमॉन्स्टन हे नाव पडले. त्यापासून तयार झालेली लस १९६३ साली अमेरिकेत वापरात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गोवर-रुबेला लशीतील गोवराचा वाण, एडमॉन्स्टन-झाग्रेब, हा याच वंशातला आहे.

विषाणू हाती आल्यावर पुरळाचा अर्थही उलगडला. गोवराचे पुरळ हे विषाणूने केलेले ओरखडे नव्हेत. त्वचेतील बारीक रक्तवाहिन्यांभोवतीच्या संसर्गित पेशींवर शरीराच्या टी-पेशी हल्ला चढवतात, त्याची ती खूण असते. पुरळ हे शरीराने दिलेले उत्तर आहे. त्यामुळे ज्या मुलाची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे, त्याच्या अंगावर पुरळ फिकट उठते किंवा उठतही नाही, आणि तरी तेच मूल न्युमोनियाने दगावू शकते. ज्याला सर्वांत जास्त धोका, त्याचीच खूण सर्वांत पुसट.

दुसरा धोका पुरळ गेल्यावरचा. व्हिएन्नाचे क्लेमेन्स फॉन पिर्के यांना १९०८ साली असे दिसले की, क्षयाच्या चाचणीला प्रतिसाद देणारी मुले गोवराच्या काळात तो देईनाशी होतात. गोवर प्रतिकारशक्ती दडपतो, याचा तो पहिला धागा होता. पूर्वी झालेल्या रोगांविरुद्ध शरीराने जमवलेल्या प्रतिपिंडांचा मोठा भाग गोवर पुसून टाकू शकतो, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. गोवरानंतर काही महिने मूल वारंवार आजारी पडते, या आज्यांच्या अनुभवामागचे कारण हे आहे.

गोवर ओळखला की करण्यासारखे काय आहे? विषाणू मारणारे औषध नेहमीच्या वापरात नाही. पण ‘अ’ जीवनसत्त्व आहे. लंडनमध्ये जोसेफ एलिसन यांनी १९३२ साली गोवराच्या ६०० मुलांचे दोन गट केले आणि एका गटाला ‘अ’ जीवनसत्त्व दिले. ते न मिळालेल्या ३०० मुलांपैकी २६ दगावली, मिळालेल्या ३०० पैकी ११. हा धडा जग पुढे जवळजवळ पन्नास वर्षे विसरले आणि १९८० नंतर आफ्रिकेतील प्रयोगांनी त्याची पुन्हा आठवण करून दिली. आज गोवराच्या प्रत्येक मुलाला लागोपाठ दोन दिवस वयानुसार हे जीवनसत्त्व देण्याची शिफारस आहे. एक वर्षावरील मुलाला दर खेपेस २ लाख आंतरराष्ट्रीय एकके. त्याने डोळेही वाचतात. ही मात्रा डॉक्टरांनीच द्यायची असते.

गोवरासारखे दिसणारे

गोवराचा क्रम असा. दोन ते चार दिवस चढता ताप, खोकला, वाहते नाक, आल्यासारखे लाल डोळे. मग कानामागे आणि केसांच्या कडेला पुरळ. ते चेहऱ्यावरून छाती-पोटावर आणि तिसऱ्या दिवशी पायांपर्यंत उतरते. पुरळ येते तेव्हा ताप कमी होत नाही, उलट जोरात असतो.

रुबेलात ताप सौम्य असतो, पुरळ एका दिवसात अंगभर होते आणि तिसऱ्या दिवशी जाते. कानामागे आणि मानेच्या मागच्या बाजूला गाठी सुजतात. त्याचे गांभीर्य सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली दाखवले. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळांच्या आयांना गरोदरपणात रुबेला झाला होता, हे त्यांनी ओळखले.

रोझिओला सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांना होतो. तीन ते पाच दिवस कडक ताप, आणि ताप उतरला की पुरळ. म्हणजे गोवराच्या नेमके उलट. स्कार्लेट फीवरमध्ये घसा लाल असतो, जीभ स्ट्रॉबेरीसारखी दिसते आणि कातडी काचकागदासारखी लागते. हा जिवाणूचा आजार असल्यामुळे पेनिसिलिनने बरा होतो. कांजिण्यांत पाण्याने भरलेले फोड येतात, आणि ठिपका, फोड, खपली या तिन्ही अवस्था एकाच वेळी अंगावर दिसतात.

मुंबईत पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूचा विचार करावाच लागतो. त्यात अंग आणि डोळ्यांमागचा भाग दुखतो, सर्दी-खोकला सहसा नसतो. लाल झालेल्या कातडीत मधूनमधून पांढरी बेटे दिसतात. औषधाच्या प्रतिक्रियेने येणाऱ्या पुरळाला बहुधा खाज असते. पण फसगत येथेच होते. सर्दी-तापाला कोणीतरी प्रतिजैविक दिलेले असते, चौथ्या दिवशी गोवर उठतो आणि खापर औषधावर फुटते. जपानचे तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ साली वर्णन केलेला आजारही गोवरासारखा भासतो. पाच किंवा अधिक दिवस ताप, डोळे लाल पण चिपडे नाहीत, ओठ फुटलेले. तो हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा करतो, म्हणून वेळीच ओळखावा लागतो.

एक खूण सर्वांनी लक्षात ठेवावी. काचेचा पेला दाबून धरला असता गोवराचे ताजे पुरळ फिकट होते. तापात आलेले लाल-जांभळे ठिपके दाबूनही फिके पडत नसतील, तर मेंदूज्वराच्या जिवाणूचा संसर्ग असू शकतो. अशा वेळी तास-दोन तासही दवडू नयेत.

मुंबईत

इंग्रजी अमदानीतील मृत्यूच्या तक्त्यांत कॉलरा, देवी आणि पुढे प्लेग यांना स्वतंत्र रकाने होते. उरलेले असंख्य मृत्यू ‘ताप’ या एका रकान्यात जात. खेड्यांत नोंद करणारा माणूस वैद्यकीय नसे. त्यामुळे गोवराने किती मुले गेली याचा माग त्या तक्त्यांतून लागत नाही. साष्टी बेटावरची आजची उपनगरे तेव्हा खेडीच होती. जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंतचा भाग १९५० साली आणि दहिसर-मुलुंडपर्यंतचा १९५७ साली महापालिकेच्या हद्दीत आला.

लोकांच्या मनात देवी, कांजिण्या आणि गोवर ही एकाच घराण्यातली नावे होती. माहीमच्या शीतलादेवीच्या देवळात नवस बोलले जात. घरात कडुलिंबाचा पाला येई. गोवर ‘पूर्ण बाहेर पडू द्यावा’, त्यावर औषध करू नये, अशी समजूत होती. या रिवाजातील काही भाग शहाणपणाचाच होता. मुलाला वेगळे ठेवणे, अंधाऱ्या खोलीत विश्रांती देणे हे लाल, उजेड न सोसणाऱ्या डोळ्यांना बरेच वाटे. घात होई तो पथ्यापायी अन्न तोडल्याने आणि धाप लागेपर्यंत डॉक्टरकडे न गेल्याने.

देवीच्या निर्मूलन मोहिमेत या आजारांत फरक करणे ही राष्ट्रीय गरज झाली. देवीच्या मुलाचे चित्र असलेले कार्ड घेऊन आरोग्यसेवक बाजारांत आणि शाळांत जात आणि ‘असा रोगी कोठे पाहिला आहे का?’ असे विचारत. शिक्षक आणि विद्यार्थी हे या शोधाचे महत्त्वाचे खबरे होते. मे १९७५ मध्ये भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण सापडला. गोवराची लस राष्ट्रीय कार्यक्रमात आली ती १९८५ साली, आणि दुसरी मात्रा २०१० पासून. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ रोजी नऊ महिने ते पंधरा वर्षांखालील मुलांसाठी गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, तेव्हा लसीकरणाची मुख्य जागा शाळाच होती.

त्यानंतर कोविडची दोन वर्षे आली. जगभर २०२१ मध्ये सुमारे ४ कोटी मुलांची गोवर लशीची एक ना एक मात्रा चुकली. मुंबईत त्याचे फळ २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये दिसले. उपनगर जिल्ह्यातील गोवंडीच्या दाट वस्तीत, महापालिकेच्या एम-पूर्व विभागात, काही मुले दगावली आणि मग साथीकडे सर्वांचे लक्ष गेले. नोव्हेंबरमध्ये केंद्राचे पथक आले. आरोग्यसेविका घरोघरी जाऊन ताप आणि पुरळ असलेली मुले शोधू लागल्या. चिंचपोकळीचे कस्तुरबा रुग्णालय, १८९६ च्या प्लेगमध्ये ज्याने काम केले तेच आर्थर रोडचे रुग्णालय, पुन्हा लहान मुलांनी भरले. साथ मुंबईच्या इतर विभागांत, तसेच भिवंडी आणि मालेगावातही होती. नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा मात्रा देण्यात आली. जेथे नऊ महिन्यांखालील रुग्णांचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक होते, तेथे सहा महिन्यांपासूनच एक मात्रा देण्याची सूचना होती.

आकडे पाहिले तर संशयित रुग्ण हजारोंनी होते आणि प्रयोगशाळेत सिद्ध झालेले शेकड्यांनी. याचा अर्थ उरलेले सगळे गोवर नव्हते असा नाही. प्रत्येकाचे रक्त तपासले जात नाही. एका वस्तीत काही नमुन्यांतून गोवर सिद्ध झाला की त्यांच्या संपर्कातील तशीच लक्षणे असलेल्यांनाही गोवर मानता येते. पण संशय आणि सिद्धता यांमध्ये अंतर असते, हे या साथीने घरोघर पोचवले.

डोळा का चुकतो?

हे अंतर वर्गात गणिताने दाखवता येते. अशी कल्पना करू की एक डॉक्टर गोवराच्या १०० पैकी ९० मुलांना बरोबर ओळखतो, आणि गोवर नसलेल्या १०० पैकी १० मुलांना चुकून गोवर म्हणतो. लस येण्यापूर्वीच्या काळात पुरळ आलेल्या १,००० मुलांपैकी ८०० ना खरोखर गोवर असेल, तर तो ७२० बरोबर आणि २० चूक, असे ७४० जणांना गोवर म्हणेल. त्याचे निदान शंभरात सत्त्याण्णव वेळा खरे ठरेल. आता लसीकरणाने गोवर घटला आणि त्याच १,००० मुलांपैकी फक्त २० जणांना तो असेल, तर १८ बरोबर आणि ९८ चूक, असे ११६ जण. म्हणजे दर सहा-सात निदानांत एकच खरे. डॉक्टर तोच, नजर तीच. बदलले ते भोवतालचे प्रमाण. इंग्लंडमध्ये १९९४ पासून गोवर म्हणून कळवलेल्या रुग्णांची लाळ तपासू लागले, तेव्हा त्यांतले फार थोडे खरे गोवर निघाले.

म्हणून आज रक्तातील ‘आयजीएम’ जातीची प्रतिपिंडे पाहतात. पुरळाच्या पहिल्या तीन दिवसांत ही तपासणी काही वेळा खोटेच ‘नाही’ म्हणते, चौथ्या दिवसापासून साधारण चार आठवड्यांपर्यंत ती भरवशाची असते. आरंभीच्या दिवसांत घशातील स्रावातून विषाणूचा शोध घेता येतो. लस दिल्यावर आठवडा-दीड आठवड्याने काही मुलांना सौम्य ताप-पुरळ येते आणि रक्ताचा निष्कर्षही ‘होय’ येतो. म्हणून लशीची तारीख विचारावी लागते. प्रयोगशाळाही शेवटी तारीखच मागते. अहवाल येईपर्यंत मात्र मुलाला वेगळे ठेवणे आणि ‘अ’ जीवनसत्त्व देणे थांबवायचे नसते.

वर्गशिक्षकाची वही

रोगनिदान हे शिक्षकाचे काम नव्हे. पण रोज त्याच चाळीस-पन्नास मुलांना पाहणारा दुसरा माणूस समाजात नाही. पुरळाची चिठ्ठी आली की पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात. ताप कोणत्या तारखेला आला? पुरळ कोणत्या तारखेला, आणि शरीराच्या कोणत्या भागावर प्रथम दिसले? खोकला, सर्दी किंवा लाल डोळे होते का? गोवर-रुबेला लशीच्या दोन मात्रा झाल्या आहेत का, शेवटची कधी? आधीच्या दोन-तीन आठवड्यांत वर्गात किंवा घरात असे आणखी कोण आजारी होते?

ही नोंद घेऊन महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्राला कळवावे. पुरळ उठल्यापासून चार दिवस मुलाला शाळेत पाठवू नये, असे पालकांना सांगावे. धाप लागणे, गुंगी, झटके, काही न पिणे, डोळ्याचे बुबुळ धुरकट होणे यांपैकी काहीही दिसले तर मूल त्याच दिवशी रुग्णालयात जायला हवे. गरोदर शिक्षिकेने आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि ‘गोवर निघाला आहे, आपोआप जाईल’ असे म्हणणाऱ्या पालकाशी वाद न घालता एवढेच सांगावे की कडुलिंबाचा पाला असू द्या, पण मुलाला पोटभर खायला द्या आणि आजच डॉक्टरांना दाखवा.

गोवराला रोखायचे तर शंभरातील पंचाण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळायला हव्यात. नवव्या महिन्यानंतर एक, सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी. कोणत्या मुलाची चुकली आहे, हे शाळेच्या दाखल्याच्या वेळी विचारले तर कळते. पॅनम यांना होडीच्या तारखा विचारत गावोगाव फिरावे लागले. आपल्या हजेरीपटावर त्या तारखा रोज लिहिल्याच जातात. त्या वेळेवर वाचल्या गेल्या तर पुढच्या साथीची खबर पहिल्या मृत्यूच्या आधी पोचू शकेल.